कदंबाआडचा घुमट

मोठ्या माणसांच्या हातून झाडं लावून घेणं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. माणूस मोठा असला की खड्डा आधीच खणलेला असतो, माती चाळलेली असते, झारीला लाल रिबीन बांधलेली असते आणि कुठे उभं राहिलं तर फोटो चांगला येईल एवढाच विचार झालेला असतो. फोटो निघतो, चहा होतो, मोठा माणूस जातो. झाड आमच्या गळ्यात पडतं.

मी उल्का देवस्थळी. दिल्लीतल्या एका विद्यापीठाचा परिसर सांभाळणं हे माझं काम. मुनिरकाच्या पलीकडे, रिज नावाच्या जंगली टेकाडाच्या कडेला, शीशम कोठी नावाची शंभरेक वर्षांची इस्टेट आहे. कोणा रईसाने बांधलेली कोठी, भोवती बाग, आंब्या-जांभळांची राई, पाण्याचे पाट, एक पायऱ्यांची बावडी. स्वातंत्र्यानंतर जागा सरकारकडे आली आणि सरकारने तिच्यात विद्यापीठ घातलं. तेव्हापासून कोठीत कुलसचिव बसतात आणि राईत मुलं. मुनिरकाच्या खोल्यांमध्ये राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी आपल्याकडची लातूर-बीडची पोरंही गेटवरच्या गार्डला ‘भैया’ म्हणत आत शिरतात आणि सावलीत वाचत बसतात. मी त्यांना हाकलत नाही. झाडाखाली बसून वाचणाऱ्याने बागेचं वाटोळं केलेलं मी अजून पाहिलं नाही.

कोठी बांधणाऱ्याला एक गोष्ट मात्र बरोबर कळली होती. मागच्या व्हरांड्यात उभं राहिलं की नजर हिरवळीवरून सरळ जावी आणि इस्टेटीबाहेरच्या एका अनाम मकबऱ्याच्या घुमटावर टेकावी, अशी त्याने सगळी बाग आखली होती. दोन्ही बाजूंना झाडं, मध्ये मोकळं. आमचे वारसा सल्लागार अंशुमन बक्षी याला ‘व्हिस्टा’ म्हणतात. आराखड्यात ‘दृष्टिरेषा’ असं छापलं आहे. मी नोकरीवर आले तेव्हा तिथे व्हिस्टाही नव्हता आणि रेषाही नव्हती. मोकळी हिरवळ दिसली की आपल्या लोकांना चैन पडत नाही. दीक्षान्त समारंभाचे पाहुणे, राजदूत, निवृत्त होणारे मोठे अधिकारी, सगळ्यांनी तिथेच झाडं लावली होती. प्रत्येक झाडाला लोखंडी पिंजरा, पिंजऱ्यावर नावाची पाटी, आणि कार्यक्रम जवळ आला की बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे. घुमट दाखवायचा तर मी टाचा उंचावून बोट करायची आणि समोरचा माणूस काहीही न दिसता भिडेखातर मान हलवायचा.

ती रेषा मोकळी करायची, हे मी मनावर घेतलं. नोकरीत माणसाला एखादीच गोष्ट अशी मिळते की जिच्यासाठी रविवारी फायली घरी आणाव्याशा वाटतात. माझी ती गोष्ट हा घुमट होता. आराखडा झाला, वन विभागाची परवानगी झाली. झाडं तोडायची नव्हती, मुळांसकट उचलून वसतिगृहामागच्या पडीक जागेत लावायची होती. विद्यापीठाची अट एकच. झाड कोणाच्या नावाचं असेल तर त्या माणसाची, तो हयात नसेल तर घरच्यांपैकी कोणाची तरी लेखी संमती हवी.

संमती मिळवणं म्हणजे करमणूकच होती. एका माजी मंत्र्यांच्या सचिवाने फोनवर विचारलं, ‘‘कौनसा पेड़?’’ मी सांगितल्यावर म्हणाला, साहेबांनी आजवर इतकी झाडं लावलीत की त्यांचं त्यांनाच आठवत नाही, काय हवं ते करा, कागद पाठवतो. एका राजदूतांच्या कचेरीने संमतीबरोबर अभिनंदनाचं पत्रही धाडलं. एक निवृत्त डीन म्हणाले, झाड न्या, पण पाटी घासूनपुसून लावा. गेल्या पावसाळ्यात झाडं उचलली गेली. काही जगली, काही जगल्यासारखी उभी आहेत.

एक झाड राहिलं. नेमकं मध्यावर, व्हरांडा आणि घुमट यांच्या बरोबर मधोमध. फांद्या आडव्या पसरलेला, अंगापिंडाने भरलेला कदंब. पाटीवर नाव गुलाबराव शेडगे, कुलसचिव.

शेडगे साहेबांना मी पाहिलेलं नाही. मी रुजू व्हायच्या आधीच ते निवृत्त होऊन नंतर वारलेही होते. पण त्यांच्या पत्नी कुसुमावती काकू मयूर विहारला आमच्याच सोसायटीत राहतात, आमच्या वरच्या मजल्यावर. माझ्या घरी गणपतीच्या मोदकांना मुखऱ्या त्याच पाडतात, कारण मला अजूनही त्या जमत नाहीत. दर वर्षी मार्चमध्ये, साहेब गेले त्या दिवशी, त्या माझ्याबरोबर मेट्रोने विद्यापीठात येतात. कदंबासमोरच्या बाकावर बसतात. डब्यातून आणलेली बेसनाची वडी खातात, एक मला देतात आणि माझं काम संपेपर्यंत तिथेच थांबतात. बोलत फारसं नाहीत. अशा बाईकडे जाऊन ‘तुमच्या नवऱ्याचं झाड हलवायचंय’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्यातून मला एक गोष्ट ठाऊक होती आणि काकूंना ती ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती. आमचा हेड माळी रतिराम याने ती मला पहिल्याच वर्षी सांगितली होती. हा कदंब साहेबांनी लावलेला नव्हताच. साहेबांचा पहिला कदंब पहिल्या उन्हाळ्यातच गेला. मग रतिरामने गुपचूप दुसरा लावला, पाटी तीच ठेवली. तोही गेला. तिसराही गेला. हा चौथा.

‘‘साहब का पेड़ मरता नहीं, मॅडम. बदला जाता है,’’ रतिराम म्हणाला होता.

आमच्या खात्याची ही जुनी पद्धत आहे. पाहुणा पुन्हा आला आणि आपलं झाड कुठे म्हणाला तर पंचाईत नको, म्हणून त्याच जातीचं, जवळपास तेवढंच रोप आणून बसवायचं. त्यात लबाडी आहे असं कोणाला वाटत नाही. उलट ते सौजन्य समजलं जातं. तीन कदंब का मेले, असं मी विचारलं तेव्हा रतिरामने जमिनीकडे बघत ठामपणे सांगितलं, ‘‘दीमक.’’ वाळवी. शेजारच्या झाडांना कशी लागली नाही, असं विचारल्यावर तो पाण्याचा पाइप सरकवायला निघून गेला, आणि मीही जास्त खोलात शिरले नाही.

या फेब्रुवारीत अंशुमन बक्षींनी व्हरांड्यात उभं राहून कदंबाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘उल्काजी, सब हो गया, बस यही एक.’’ परवानगीची मुदत संपत आली होती. मी म्हटलं, देखती हूँ.

खरं तर सोपा रस्ता होता. काकूंचा मुलगा जयदीप मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मॅनेजर आहे आणि राहतो गुरुग्रामला. मी त्याला फोन करून झाडाचं सांगितलं, काकूंना हे कितपत सोसेल याचा अंदाज घ्यावा म्हणून. तो म्हणाला, ‘‘अरे उल्काताई, आईला कशाला मध्ये घेता? उगाच रडारड होईल. घरच्यांपैकी कोणीही चालतं ना? फॉर्म पाठवा, मी साइन करून देतो. सिंपल.’’

सिंपल होतंच. फोन ठेवल्यावर मी फॉर्म छापूनही घेतला. मग वाटलं, मार्चमध्ये काकू डबा घेऊन येतील आणि बाकासमोर झाड नसेल, तेव्हा त्यांच्या शेजारी बसणार कोण? मीच ना? मला ते जमलं नसतं. रविवारी दुपारी मी फॉर्म घेऊन त्यांच्याकडे गेले.

काकू जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. मीही शेंगा पुढ्यात ओढल्या. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं आणि मग मी सगळं सांगून टाकलं. घुमट, रेषा, बाकीची झाडं, मुदत. शेवटी, हे सांगितल्याने त्यांना सोपं जाईल असं वाटून, मी तेही सांगितलं.

‘‘आणखी एक आहे, काकू. राग मानू नका. ते झाड खरं तर साहेबांच्या हातचं नाहीये. त्यांनी लावलेलं गेलं होतं. माळ्यांनी नंतर...’’

‘‘हे चौथं,’’ काकू म्हणाल्या. मटाराचे दाणे त्या अंगठ्याने भांड्यात ढकलत होत्या. ‘‘पहिली तीन ह्यांनी मारली.’’

मला वाटलं, वयामुळे काहीतरी गोंधळ होतोय.

‘‘माझ्याकडे अशी बघू नकोस. मी बिल्कुल शुद्धीवर आहे. ह्यांची खोली कुठे होती माहितीये ना तुला? कोठीत, मागच्या बाजूला. खिडकीतून तो घुमट दिसायचा. साताऱ्याच्या घरी मागचं दार उघडलं की डोंगर दिसायचा, तसं बरं वाटतं म्हणायचे. इतकी वर्षं दिल्लीत काढली, पण हे शहर त्यांना कधी आवडलं नाही. तेवढा घुमट आवडला. डबा तिकडे तोंड करून खायचे. कोणी हिरवळीवर झाड लावलं की घरी येऊन चिडचिड. पण बोलणार कोणाला? कुलगुरूंनाच झाडं लावायचा शौक.’’

‘‘मग त्यांनी स्वतः?’’

‘‘निरोप समारंभ. सगळा स्टाफ उभा, फोटोग्राफर उभा, कुलगुरूंनी ह्यांच्या हातात रोप दिलं आणि म्हणाले, बरोबर मध्यावर लावा शेडगे, आपकी जगह है. आता तिथे नाही कसं म्हणणार? लावलं. हसून लावलं. फोटो आहे आत, दाखवीन तुला. घरी येऊन जेवले नाहीत.’’

काकूंनी पुढची शेंग फोडली. माझी हातातच राहिली होती.

‘‘मग दर आठवड्याला जुन्या मित्रांना भेटायला म्हणून विद्यापीठात जायचे. बरोबर थर्मास. घशाला गरम पाणी लागतं म्हणायचे. मी भरून द्यायची. मे महिना आला तरी उकळतं पाणी हवं. मी म्हटलं, अहो, मे महिन्यात कसला घसा? तेव्हा कबूल झाले. पोरासारखे हसत होते. मुळाशी थोडं थोडं ओतायचे, कोणाला कळू नये असं. झाड मेलं. हे खूश. आणि पुढच्या खेपेला गेले तर तिथे नवीन झाड, आणि तो रतिराम हात जोडून उभा. साहब, आपका पेड़ कितना अच्छा चल रहा है.’’

मला हसू आवरेना. काकूही हसल्या. कुलसचिव झालेला माणूस, कोठीच्या मागे थर्मास घेऊन आपल्याच झाडावर पाळत ठेवून आहे, आणि खातं त्याचा मान राखायला पुन्हा पुन्हा तेच झाड लावतंय. ह्या माणसाला मी इतकी वर्षं पाटीवरच्या नावावर भाळणारा एक अधिकारी समजत होते. तो तर माझा माणूस होता. मी एकटीच त्या घुमटासाठी जीव टाकते असं मला वाटत होतं आणि माझ्या आधी कोणीतरी तीनदा प्रयत्न करून गेलं होतं. मला इतका आनंद झाला की मी लगेच पिशवीतून फॉर्म काढला.

‘‘मग काकू, प्रश्नच मिटला. साहेबांचंच काम पुरं होतंय. इथे सही करा.’’

काकूंनी फॉर्म वाचला. सगळा वाचला. मग टेबलावर ठेवला आणि परत शेंग उचलली.

‘‘नाही,’’ म्हणाल्या.

‘‘नाही म्हणजे?’’

‘‘नाही म्हणजे नाही. मी सही नाही करणार.’’

मी तापट आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, ‘‘काकू, त्यांना ते झाड नको होतं. तुम्हीच सांगितलंत आत्ता. मग तुम्ही कोण अडवणाऱ्या?’’

‘‘बायको,’’ काकू म्हणाल्या.

त्यांनी सगळ्या शेंगा संपवल्या, सालं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मग बोलल्या. रागावून नाही.

‘‘चौथं झाड लावलं तेव्हा हे हॉस्पिटलमध्ये होते. बरे झाले की जाईन म्हणायचे, थर्मास तयार ठेव. ते गेले. दिवसपाणी झालं, लोक आपापल्या घरी गेले, जयदीप ड्यूटीवर गेला. एक दिवस मी थर्मास भरला. म्हटलं, त्यांचं एवढं एक राहिलंय, आपण करून टाकू. एकटी गेले, दोन मेट्रो बदलून. कधी एकटी गेले नव्हते त्याच्या आधी. झाकण उघडलं. आणि बघते तर त्याला पालवी फुटली होती. एवढीएवढी, तांबूस. उल्का, त्या दिवसांत माझ्या घरात सगळं संपत चाललं होतं. त्यांची औषधं संपवायची, कपडे देऊन टाकायचे, पेन्शनचं नाव बदलायचं. आणि हे एकटं वाढत होतं. त्यांनी पाणी घातलं नाही म्हणून वाढत होतं. ते गेले म्हणून ते जगलं. मला त्याचा राग यायला हवा होता, नाही का? नाही आला. मी बाकावर बसले. येताना मेट्रोत घसा सुकला तेव्हा तेच पाणी प्यायले.’’

मी टेबलावर सांडलेले दाणे वेचून भांड्यात टाकले.

‘‘त्यांच्यानंतर माझ्या डोळ्यांसमोर मोठं झालेलं तेवढंच आहे,’’ काकू म्हणाल्या. ‘‘नातवंडं तिकडे गुरुग्रामला, दिवाळीला दिसतात. तू काढ ते झाड. काढायलाच हवं, ह्यांनीही तेच सांगितलं असतं. पण माझ्यानंतर काढ. तोवर राहू दे.’’

मी फॉर्म घडी करून पिशवीत घातला. निघताना त्यांनी डब्यात मटार भरून दिले.

सोमवारी बैठकीत मी सांगितलं की कदंबाला संमती मिळालेली नाही. अंशुमन बक्षी चकित झाले. ‘‘मगर बेटा तो तैयार है ना? आपने ही बताया था. घर का कोई भी चलेगा, रूल क्लिअर है.’’ रूल क्लिअर होता. जयदीपचा मेसेजही आला होता, फॉर्म पाठवा म्हणून. मी म्हटलं, झाड ज्यांचं आहे त्यांनी नाही म्हटलं आहे, मी मुलाची सही घेणार नाही. परवानगी जाऊ द्या, पुन्हा अर्ज करू. कधी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सांगता येत नाही. ते वैतागले. माझं मलाही खरं वाटत नव्हतं की हे मीच बोलतेय. त्या घुमटासाठी मी बैठकांमध्ये आरडाओरडा केलेला आहे, लोक मला मागून ‘घुमटवाली मॅडम’ म्हणतात, आणि आता व्हरांड्यात उभं राहिलं की दोन्ही बाजू स्वच्छ मोकळ्या आणि मध्ये तो एक कदंब. पूर्वी झाडांच्या गर्दीत घुमट दिसत नाही हे लक्षात तरी येत नसे. आता नजर सरळ जाते आणि झाडावर आपटते.

मार्चमध्ये काकूंना घेऊन गेले. त्या बाकावर बसल्या, वडी खाल्ली. हिरवळ मोकळी बघून म्हणाल्या, छान केलंस गं.

त्यानंतर मला एक वाईट सवय लागली. लिफ्टमध्ये काकू भेटल्या की मी त्यांच्या श्वासाकडे लक्ष देते. जिना चढून आल्या तर धाप किती लागली, पायावर सूज आहे का, आवाज बसलाय का. पूर्वी ‘कशा आहात’ हे मी नुसतं विचारायची. आता विचारलं की मलाच कसंतरी होतं. मला जे हवंय ते कशाच्या बदल्यात मिळणार आहे, हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही.

एप्रिलमध्ये त्यांना खोकला झाला. हटत नव्हता. जयदीप फोनवर म्हणाला, दिल्लीची हवा, सबको है. मी रजा टाकली आणि त्यांना डॉक्टरकडे नेलं. एक्स-रे काढला. न्यूमोनियाची सुरुवात होती, वेळेवर आलात म्हणाले. परत येताना रिक्षात काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि नेहमीच्या चेष्टेच्या सुरात म्हणाल्या, ‘‘तुझी रेषा मोकळी व्हायला आली होती हं. कशाला धावपळ केलीस?’’

मला हसता आलं नाही. भर रस्त्यात, रिक्षावाला आरशातून बघतोय, आणि मी रडायला लागले.

‘‘तुम्ही शंभर वर्षं जगा, काकू,’’ मी म्हटलं. ‘‘तो घुमट गेला खड्ड्यात.’’

काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला.

‘‘असं म्हणू नये,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ह्यांना फार आवडायचा तो.’’